डाळ मिल टाकण्याआधी तीनशे घरं मोजा

दलहन आत्मनिर्भरता मिशनचा 11 ऑक्टोबर 2025 रोजी शुभारंभ झाला आणि 11,440 कोटींचा आकडा सगळ्यांनी वाचला. त्यातली वाशिम जिल्ह्याच्या कामाची ओळ वेगळीच आहे. देशभरात एक हजार प्रक्रिया केंद्रं उभी राहणार आणि त्यांना प्रत्येकी 25 लाखांपर्यंत अनुदान मिळणार. मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावसारख्या गावात एखाद्या तरुणाच्या किंवा बचतगटाच्या मनात डाळ मिलचा विचार यायला एवढी बातमी पुरेशी आहे.

विचार योग्यच आहे. सोयाबीनच्या तासांमध्ये उभी असलेली तूर जानेवारीत कट्ट्यांत भरून बाजार समितीत जाते, तिथून अकोल्याच्या मिलांमध्ये पोचते आणि डाळ होऊन आपल्याच किराणा दुकानात परत येते. 2025 च्या अतिवृष्टीनंतर सोयाबीनने हात दिला नाही, तेव्हा तुरीचा मधला पैसा गावात राहिला तर तो हवाच आहे. फक्त सुरुवात अनुदानापासून करू नका, गिऱ्हाइकापासून करा.

छोट्या मिलला दोन वाटा असतात. पहिली, तूर विकत घ्यायची, डाळ करायची आणि ती विकायची. 2025-26 च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये होता. त्या दराने पन्नास क्विंटल तूर घ्यायची तर चार लाख रुपये यंत्र सुरू होण्याआधीच गुंततात. शंभर किलो तुरीतून सत्तर किलो डाळ निघाली, तर नुसत्या कच्च्या मालापोटी डाळ किलोला 114 रुपयांना पडते. वीज, मजुरी, पिशवी, वाहतूक हे सगळं त्यावर. चुनी आणि टरफल ढेपेच्या जोडीला विकून थोडं परत येतं, पण भाव पडला की पहिला फटका ज्याच्या घरात माल पडून आहे त्याला बसतो. डाळीचा भाव आयातीच्या एका निर्णयावर हलतो, हे आपण अनेक हंगाम पाहिलं आहे.

दुसरी वाट मजुरीची. तूर शेतकऱ्याची, डाळ त्याचीच, आपण फक्त करून द्यायचं आणि क्विंटलमागे पैसे घ्यायचे. नव्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे वर्षाच्या वरणासाठी कट्टा-दोन कट्टे तूर घरी राखून ठेवण्याची रीत अजून टिकून आहे. पूर्वी उन्हाळ्यात बायका तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून जात्यावर भरडत. ते कष्ट आता कुणाला नकोत, घरची डाळ मात्र सगळ्यांना हवी आहे. हाच तुमचा धंदा.

त्याचं गणित कागदावर मांडा. समजा कर्जाचा हप्ता, वीज, मदतनिसाची मजुरी आणि दुरुस्ती धरून वर्षाचा खर्च 1,80,000 रुपये आहे. मिल शंभर दिवस चालली आणि रोज सहा क्विंटल तूर आली, तर क्विंटलला 300 रुपये पडतात. तीच मिल चाळीस दिवस चालली तर 750. तेवढी मजुरी कुणी देणार नाही. शंभर दिवसांसाठी सहाशे क्विंटल तूर हवी. घरटी दोन क्विंटल धरली तरी तीनशे घरं लागतात. म्हणून यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी आसेगाव आणि आसपासच्या गावांत घरोघर जा, कोण किती तूर राखतो आणि कोण किती डाळ करून घेईल ते वहीत लिहा. ती यादी भरली नाही, तर यंत्र घेऊ नका.

यंत्र निवडताना किमतीइतकाच उतारा पाहा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात अनेकांनी चालवली आहे. चालू मिलवर स्वतःची तूर नेऊन डाळ करून पाहा. उतारा सत्तरवरून चौऱ्याहत्तरवर गेला, तर पन्नास क्विंटलमागे दोन क्विंटल डाळ जास्त निघते. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं ते या दोन क्विंटलसाठी. वाळवणाला मोकळं अंगण आणि विजेचं मीटर या दोन गोष्टी यंत्राआधी हव्यात. पावसाळ्यात वाळवण थांबतं, म्हणून हळद-मिरची कांडप किंवा बेसनाची जोड सुरुवातीलाच ठरवा.

कागदपत्रांना घाबरू नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नयेत. स्वतःच्या नावाने डाळ विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी घ्या. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगचा महिना आणि पत्ता छापा. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 2025 मध्ये 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान होतं. पण ते हातात येत नाही, बँकेत बाजूला राहतं आणि तीन वर्षं उद्योग चालू असेल, खातं नियमित असेल, तरच कर्जात वळतं होतं. हप्ते पहिल्या दिवसापासून पूर्ण कर्जावर भरायचे आहेत असंच धरून चाला.

गावात धंदा बुडतो तो बहुतेक उधारीने. सोयरे, शेजारी, जुने मित्र, नाही कुणाला म्हणायचं? पहिल्याच दिवशी उधारी बंदची पाटी लावा आणि ती स्वतःच्या घरच्यांनाही लागू करा. धंद्याचं बँक खातं वेगळं ठेवा आणि स्वतःला दरमहा ठरावीक पगार घ्या. गल्ल्यातून घरचा किराणा भरला की नफा झाला की तोटा, हेच कळत नाही.

सरकारकडेही एक मागणी आहे. हजार केंद्रं किती लवकर उघडली हे मोजू नका, तिसऱ्या वर्षी किती दिवस चालली ते मोजा. प्रकल्प अहवालात यंत्राच्या किमतीआधी गिऱ्हाइकांची यादी मागा. ती मागितली गेली तर यंत्र विक्रेत्याने लिहून दिलेल्या अहवालावर कर्ज काढणारी कितीतरी घरं वाचतील.

आसेगावच्या ज्या मुलामुलींनी हे मनावर घेतलं आहे, त्यांच्या हातात ऑक्टोबरपासून तूर घरात येईपर्यंतचे तीन महिने असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात यादी, डिसेंबरात दोन चालू मिलांना भेट आणि मीटरचा अर्ज, जानेवारीत बँक. यादी तीनशे घरांपर्यंत गेली नाही तर एक हंगाम थांबा. थांबल्याने काही बुडत नाही, घाईने काढलेलं कर्ज मात्र घरादाराला फेडावं लागतं.