सजद्याला गुडघा टेकेल का?

रमजानमध्ये इशानंतर तरावीहची नमाज होते. बहुतेक मशिदींत वीस रकाती, काही ठिकाणी आठ. प्रत्येक रकातीत दोन सजदे. म्हणजे वीस रकातींत वीस वेळा गुडघे टेकायचे, चाळीस वेळा कपाळ जमिनीला लावायचे आणि पुन्हा उठायचे. तरण्या माणसाला याचे काही वाटत नाही. साठी ओलांडलेल्याला मात्र दहाव्या रकातीपासून गुडघा बोलू लागतो.

बेलापूरसारख्या प्रवराकाठच्या गावात आयुष्य उसाच्या सरीत वाकून किंवा दुकानात मांडी घालून जाते. मग सफीच्या कडेला खुर्च्या वाढत जातात. देवळातल्या कीर्तनाला आणि लग्नाच्या पंगतीलाही हेच दिसते. खुर्चीवर नमाज पढण्यात कमीपणा नाही. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून, सजदा मानेच्या इशाऱ्याने, अशी मुभा शरियतनेच दिली आहे. तरी मनात सल राहतोच. गुडघा बदलायचे टाळण्यामागे पैशाइतकीच एक भीती असते: ऑपरेशन केले तर जमिनीवरचा सजदा कायमचा जाईल.

गुडघा बदलणे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाले ते ऑक्टोबर 2000 मध्ये. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले आणि न्यूयॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा बदलला. पुढच्या वर्षी उजवा. ते पूर्ण सांधा बदलणे होते.

अर्धा गुडघा बदलणे वेगळे. गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. पुष्कळांचा आतलाच कप्पा आधी झिजतो. तेवढाच भाग घासून तिथे धातूचे पातळ आवरण व मध्ये प्लास्टिकची चकती बसवतात. चांगली हाडे आणि गुडघ्याच्या मधल्या दोऱ्या, म्हणजे लिगामेंट, तशाच राहतात. त्यामुळे चीर लहान लागते, माणूस लवकर उठतो आणि गुडघा आपलाच वाटतो. पण हे सर्वांसाठी नाही. तिन्ही कप्पे झिजले असतील, संधिवाताची सूज असेल किंवा लिगामेंट तुटले असेल, तर पूर्णच बदलावा लागतो. शिवाय अर्ध्या गुडघ्यावर पुढे पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याची शक्यता पूर्णपेक्षा जास्त, हे आधीच माहीत असावे.

रोबोटचे नाव ऐकून लोकांना यंत्रमानव चाकू चालवतोय असे वाटते. तसे नसते. काही पद्धतींत आधी सीटी स्कॅनवरून त्या माणसाच्या हाडाचा नकाशा संगणकावर तयार होतो. ऑपरेशनच्या वेळी मांडीच्या आणि नडगीच्या हाडाला खुणेच्या पिना लावतात. हत्यार सर्जनच्याच हातात असते. ठरलेल्या रेषेबाहेर ते जाऊ लागले की रोबोटचा हात अडवतो. यामुळे भाग अचूक बसतो. म्हणून पाच-दहा वर्षांनी दुखणे हमखास कमी राहील, असे मात्र कुणी सांगू नये. हात सरावाचा असलेला सर्जन यंत्राहून महत्त्वाचा.

आता सजद्याचे. अर्धा गुडघा बदललेल्या रुग्णांचा एक अभ्यास ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी 2008 मध्ये प्रसिद्ध केला. सहा आठवड्यांनी काहींना गुडघ्यावर बसण्याची रीत समजावली, काहींना नाही. वर्षभरानंतर शिकवलेल्यांना ते कितीतरी चांगले जमत होते.  म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर नुसते ‘चालता येईल ना?’ एवढ्यावर थांबू नये. जमिनीवर बसून दाखवावे, सजदा कसा करतात ते सांगावे. टाचांवर बसण्याएवढा गुडघा सगळ्यांचा दुमडत नाही. तेही आधीच विचारावे.

ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. पावले वरखाली हलवणे, मांडीचा स्नायू आवळणे हे व्यायाम लगेच सुरू होतात. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. गुडघा टेकायचा सराव डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आधी गादीवर, मग घडी घातलेल्या गोधडीवर. पोटरी सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले तर घरगुती लेप लावत बसू नये, डॉक्टरांना गाठावे.

या काळात रोजा धरण्याचा हट्ट नको. रक्त गोठू नये म्हणूनच्या आणि दुखण्याच्या गोळ्या वेळेवर लागतात, पाणीही भरपूर. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलून बरे झाल्यावर कजा करण्याची सवलत आहे.

खर्चाचे सांगायचे तर, ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याला तेव्हा 54,720 रुपये अधिक जीएसटी ठरले. रोबोटचा आणि खोलीचा खर्च त्यात येत नाही. पुणे-नाशिक गाठण्याआधी तो लेखी मागावा. आणि मोबाइलवर ‘बेलापूर’ टाकून शोधणाऱ्यांनी पत्ता नीट पाहावा, नवी मुंबईचेच बेलापूर आधी समोर येते!

तातडी नसेल तर ऑपरेशन रमजान ईदनंतर ठेवणे सोयीचे. ईदनंतर आठवडाभरात झाले तर बकरी ईदपर्यंत आठ-नऊ आठवडे मिळतात. तोवर ईदगाहपर्यंत चालत जाणे पुष्कळांना जमते. सजदा त्या दिवशी जमिनीवर की खुर्चीवर, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे.