यादीत न मावणारे फुला

‘फुला’ या नावाचा आपल्या फुलांशी काही संबंध नाही. चीनच्या युन्नान प्रांताचा आग्नेय भाग आणि त्याला लागून असलेला उत्तर व्हिएतनामचा डोंगराळ पट्टा येथे राहणाऱ्या कितीतरी लहान समूहांना मिळून हे नाव दिले जाते. त्यांच्या भाषा तिबेटो-बर्मी कुळातल्या. यांतले अनेक समूह स्वतःला मात्र निराळ्याच नावांनी ओळखतात: मुजी, फोवा, फुझा, अझा. या प्रदेशातून वाहणाऱ्या तांबड्या नदीच्या वरच्या अंगाला चीन, खालच्या अंगाला व्हिएतनाम. एका कुळातल्या या माणसांची दोन राज्यांनी दोन तऱ्हांनी नोंद केली. त्या नोंदींत काय उरले आणि काय गळले, हे पाहण्यासारखे आहे.

चीनमध्ये १९५३च्या जनगणनेत लोकांना आपल्या समाजाचे नाव सांगायला सांगितले, तेव्हा ४००हून अधिक नावे आली. त्यांतली २००हून अधिक एकट्या युन्नानमधली होती. एवढी नावे कारभाराला पेलणारी नव्हती. १९५४मध्ये संशोधकांचे पथक युन्नानला गेले आणि जवळच्या वाटलेल्या गटांची मोट बांधली गेली. फुला गेले ‘यी’ या मोठ्या नावाखाली. २०१०च्या जनगणनेत यी लोकांची संख्या सुमारे ८७ लाख होती. त्यात फुला किती, हे तो आकडा सांगत नाही.

व्हिएतनामने १९७९मध्ये ५४ जनसमूहांची अधिकृत यादी केली. तीत ‘फू ला’ या नावाने त्यांना स्वतंत्र जागा मिळाली. २०१९च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या १२,४७१ असून बहुतेकांची वस्ती लाओ काय प्रांतात आहे. चीनने नाव पुसले, व्हिएतनामने राखले, असा निष्कर्ष येथे सहज काढता येईल. पण तो घाईचा ठरेल.

कारण या लहान यादीनामातही एक मोट आहेच. फू लांमध्ये गणला जाणारा एक गट ‘सा फो’ म्हणून ओळखला जातो. सा पा भागातल्या नाम साय गावी त्यांची भाषा अभ्यासून जेरॉल्ड एडमंडसन आणि झिवो लामा यांनी १९९९मध्ये जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच तिला ‘यी गटातील नवी भाषा’ म्हटले आहे. भाषेचे नाव लाघू. बोलणाऱ्यांना ती अर्थातच नवी नव्हती. नवी होती ती अभ्यासकांना! समाजाचे नाव सरकारी यादीत लागून २० वर्षे झाली होती, आणि त्या नावाआड एक अख्खी भाषा झाकलेली होती.

सा फो बायकांची ओळख त्यांच्या पेहरावावरूनही पटते. कापूस पिकवायचा, सूत काढायचे, कापड विणून निळीत रंगवायचे आणि त्यावर भरतकाम करायचे, हा घरचाच उद्योग. त्या भरतकामात पांढरे टपोरे दाणे ओवलेले दिसतात. ते काचेचे मणी नव्हेत. ते एका गवताचे बी. हे गवत आपल्याकडेही उगवते. त्याला रानजोंधळा किंवा कसई म्हणतात. दाण्याला निसर्गतःच आरपार भोक असते, म्हणून तो सुईदोऱ्याला सोयीचा. बायका ‘कुक के’ नावाची बांबूची बासरी वाजवतात, तीही नाकाने फुंकून. बांबू-वेताच्या टोपल्या विणण्यात एकंदर फू ला लोकांचा हातखंडा आहे. डोंगरउतारावर भात-मका पिकवावा आणि विणलेला माल देऊन लागेल ते घ्यावे, असा व्यवहार पूर्वापार चालत आला.

चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात, घोड्याच्या दिवशी, सा फो लोक ‘गाव झाडतात’. (तिथल्या पंचांगात दिवसांनाही बारा प्राण्यांची नावे आहेत.) विधीसाठी प्रत्येक घराने काही ना काही द्यायचे असते. तोंडे रंगवलेली माणसे मांत्रिकाबरोबर घरोघर फिरून रोगराई आणि भुतेखेते हाकलतात. जेवण गावाबाहेर होते आणि उरलेले अन्न घरी न्यायचे नसते. या विधीत गाव म्हणजे कोण, हे दरवर्षी नव्याने ठरते: ज्यांनी वाटा दिला आणि ज्यांची घरे झाडली, ते गाव. ही गणती कागदाशिवाय होते.

जेमिन पेल्की यांनी युन्नानमधल्या फुला बोलींचा गावोगाव फिरून केलेला अभ्यास २०११मध्ये ग्रंथरूपाने आला. एका नावाखाली परस्परांना न समजणाऱ्या कितीतरी भाषा आहेत, हे त्यातून दिसले. म्हणजे यादीतून नाव गेले तरी भाषा लगेच मरत नाहीत. पण यादीत नाव असले म्हणून त्या जगतील, असेही नाही. शाळा एका देशात व्हिएतनामी भाषेत, दुसऱ्यात चिनी भाषेत. कसईचे दाणे ओवलेला पेहराव सणासुदीला, पाहुण्यांसमोर मिरवता येतो, म्हणून त्याला कौतुक मिळते. लाघू भाषेला असा प्रेक्षक नाही. तिला हवे आहे घरात उत्तर देणारे पोर. ‘फुला किती आहेत?’ या प्रश्नाला जनगणना उत्तर देऊ शकेल. ‘त्यांची मुले आजीशी कुठल्या भाषेत बोलतात?’ हे मात्र नाम सायसारख्या गावात जाऊनच विचारावे लागते, आणि ती आजी हयात आहे तोवरच.