खिडकी उघडत नाही तेव्हा

१९८३ साली सुरू झालेली वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालेले, आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणारे सोलापूर विद्यापीठ यांच्यामुळे जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना संगणकाचे शिक्षण घराजवळ मिळू लागले. हे विद्यार्थी जावा ही भाषा शिकून डेस्कटॉप प्रोग्रॅमकडे वळतात, तेव्हा त्यांची गाठ फ्रेमवर्कशी पडते. खिडक्या, बटणे, तक्ते असे घटक तयार स्वरूपात पुरवणारी आणि ते कसे जोडायचे याचे नियम ठरवून देणारी व्यवस्था म्हणजे फ्रेमवर्क. जावाएफएक्स हे त्याचे एक उदाहरण. पहिला प्रोग्रॅम रन केल्यावर मात्र पुष्कळदा खिडकी उघडत नाही, लाल अक्षरांत एरर दिसते, आणि आपल्यालाच हे जमत नाही असा ग्रह नवशिक्या करून घेतो.

हा ग्रह बहुधा चुकीचा असतो. जावा ८ च्या काळात ओरॅकलच्या जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या विकसन-संचात, जावाएफएक्स अंतर्भूत होते. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून ते वगळले गेले आणि स्वतंत्रपणे उतरवून घ्यावे लागू लागले. त्यामुळे जुन्या पुस्तकातील निर्दोष प्रोग्रॅम नव्या जावावर चालवला, की जावाएफएक्सचे घटक सापडत नसल्याचा संदेश येतो. मुख्य क्लास ‘अ‍ॅप्लिकेशन’ या क्लासवरून बेतलेला असेल, तर जावा आरंभीच जावाएफएक्सचे मॉड्यूल, म्हणजे नाव दिलेला लायब्ररीचा विभाग, शोधते. म्हणून जावाएफएक्सची फाइल केवळ क्लासपाथवर, म्हणजे क्लास शोधण्याच्या जागांच्या यादीत, ठेवून भागत नाही. मॉड्यूल पाथ, म्हणजे मॉड्यूल ठेवलेली जागा, देऊन आवश्यक मॉड्यूलचे नावही सांगावे लागते.

दुसरा दोष आवृत्तीच्या विसंगतीचा असतो. कंपाइल झालेल्या प्रत्येक क्लास फाइलवर एक क्रमांक असतो: जावा ८ साठी ५२, ११ साठी ५५, १७ साठी ६१. घरी जावा १७ वर कंपाइल केलेला प्रोग्रॅम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जावा ११ नाकारते आणि हे दोन्ही क्रमांक संदेशात छापते. तिसऱ्या प्रकारात ‘स्टार्ट’ या पद्धतीत बिघाड झाल्याची सर्वसाधारण ओळ वर दिसते. परंतु ती केवळ वेष्टन असते आणि खरे कारण खाली ‘कॉज्ड बाय’ने सुरू होणाऱ्या शेवटच्या ओळीत सापडते. खिडकीची मांडणी लिहिलेली एफएक्सएमएल फाइल सांगितलेल्या जागी नसणे, हे त्यांपैकी एक नेहमीचे कारण होय.

यावरून शोधाचा क्रम ठरतो: आधी संदेश पूर्ण वाचावा, मग जावाची आवृत्ती, फ्रेमवर्कची लायब्ररी आणि स्वतःचा कोड या क्रमाने तपासणी करावी, आणि एका वेळी एकच बदल करून प्रोग्रॅम पुन्हा चालवावा, कारण अनेक बदल एकदम केल्यास दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे कळत नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आज प्रोग्रॅम आणि त्याचे आउटपुट लिहिले जाते. त्याच पानावर वापरलेली आवृत्ती, आलेली एरर आणि तिचे कारण लिहिण्याचा आग्रह शिक्षकांनी धरावा आणि त्यालाही गुण द्यावेत. प्रोग्रॅम लिहिण्याइतकेच तो का सुरू होत नाही हे शोधून काढणे, हाही या अभ्यासाचा गाभा आहे.