पदरमोडीची इतिहाससेवा

इतिहासप्रेमी मंडळ म्हटले की जयंतीची मिरवणूक, हारतुरे, अध्यक्षीय भाषण आणि आभारप्रदर्शन एवढेच चित्र सामान्य नागरिकाच्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते. परंतु सातारा-सांगलीच्या मुलखात गेली सव्वाशे वर्षे जी इतिहाससेवा चालत आली आहे, तिचा बहुतांश भाग लोकांच्या घरच्या माळ्यावर, देवळाच्या ओवरीत आणि गाळाने भरलेल्या बारवेत, पदरमोड करूनच पार पडला आहे.

मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविणारे वासुदेव वामन खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तराचे रुमाल सोडले, निवडक मोडी पत्रे देवनागरीत उतरविली आणि 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. लगोलग 1898 साली, वाईस सापडलेल्या कागदांच्या आधारे, इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागद, चित्रे व दुर्मीळ वस्तू यांचा एवढा संचय केला की त्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. मात्र त्यांच्या पश्चात, 1939 साली, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. संग्रह सुरक्षित राहिला हे खरेच. तथापि साताऱ्याच्या अभ्यासकास साताऱ्याचे कागद पाहण्यासाठी पुणे गाठावे लागावे, ही गोष्ट मनास लागल्यावाचून राहत नाही.

म्हणूनच मिरज इतिहास संशोधन मंडळ किंवा साताऱ्याची जिज्ञासा यांसारख्या स्थानिक संस्थांचे मोल अधिक वाटते. मोडी वाचणारा मनुष्य आता गावोगाव मिळत नाही. घरच्या पेटीत निघालेला कागद घेऊन एखादा शेतकरी अशा कार्यकर्त्याकडे येतो तेव्हा त्याची पृच्छा पानिपताविषयी नसते. इनाम कोणाच्या नावे होते, पाटीलकीचा तंटा कोणत्या पंचांपुढे मिटला, विहिरीत आपला हिस्सा होता की नव्हता, एवढेच त्यास हवे असते. वाचणारा प्रथम साल हुडकतो. ‘सीत सबैन मया व अलफ’ असे शब्द दिसले की सहा, सत्तर, शंभर आणि हजार मिळून 1176 हा सुहूर सन निघतो व त्यात 599 मिळविले की 1775 हे इसवी साल हाती येते. पण हा सन मृगापासून बदलत असल्यामुळे जानेवारीनंतरच्या कागदास 600 मिळवावे लागतात, आणि हौशी वाचकाची गफलत बहुधा येथेच होते. मग बोरू शक्यतो न उचलता ओढलेल्या, शब्दाशब्दांत अंतर न सोडलेल्या ओळी फोडून मजकूर उतरवावयाचा, छायाचित्र घ्यावयाचे आणि अस्सल कागद धन्याच्या स्वाधीन करावयाचा. कागद परत मिळतो अशी खात्री पटली की तोच गृहस्थ पुढल्या खेपेस शेजाऱ्याचेही दप्तर घेऊन येतो.

दगडांच्या बाबतीत मात्र इतकी उसंत नसते. तळाच्या चौकटीत लढाई, मध्ये वीरास स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा वीरगळ पाराशेजारी कलंडलेला असतो, नाहीतर कोणी भाविकाने त्यास ऑइलपेंट फासलेला असतो. आणि या भक्तीपेक्षा उपेक्षा परवडली, असे म्हणण्याची पाळी येते. तारेचा ब्रश आणि ॲसिड वर्ज्य मानून, पाणी व मऊ कुंचला एवढ्यावर दगड धुणाऱ्यांस चिकाटी लागते.

साताऱ्याजवळच्या लिंब येथील अष्टकोनी बारा मोटेच्या विहिरीवर विरूबाई भोसले यांचे नाव आणि शके 1641 ते 1646 ही साले कोरलेली आहेत. तिच्याकडे प्रवाशांची रीघ असते. शिवारातल्या निनावी बारवेस मात्र घमेले-फावडे घेऊन उतरणारेच हवेत. संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवाचून एक चिराही हलविता येत नाही, हे उत्साही तरुणांस आधीच समजावून सांगणे हाही मंडळाच्या कामाचाच भाग होय.

एक उणीव मात्र वारंवार आढळते. श्रमदानाची छायाचित्रे मुबलक निघतात; पण दगड कोणत्या शिवारात, कोणाच्या बांधावर, किती हात उंच, कोणत्या दिशेस तोंड करून उभा होता, याची नोंद क्वचितच होते. तशी एक वही मंडळाच्या चिटणिसाकडे आणि तिची नक्कल ग्रामपंचायतीच्या कपाटात राहिली, तर रस्ता रुंदावण्याच्या कामात तो दगड हलला तरी त्याचे मूळ ठिकाण सांगता येईल.