खेकड्यावरील आळ

खेकडा आपल्याला दोनच प्रसंगी आठवतो: कालवणाच्या वेळी आणि कोणाला नावे ठेवायची असतील तेव्हा. मराठी माणसे एकमेकांचे पाय ओढतात, हे सांगताना वक्ता टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट हमखास सांगतो आणि श्रोतेही ती नवी असल्यासारखे हसतात. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून गावकऱ्यांचे बळी गेले, तेव्हा तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी गळतीचे खापर खेकड्यांवर फोडले. त्या विधानाची पुष्कळ थट्टा झाली आणि थट्टेत मूळ प्रश्न बाजूला पडला. खेकडा मातीत बिळे करतो हे खोटे नाही. ती हेरायची कोणी आणि बुजवायची कोणी, हा खरा प्रश्न होता.

आज जेथे नवी मुंबई उभी आहे तेथील आगरी शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक होते. बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यात मातीच्या बांधांनी खाडी अडवून खारजमिनीत भात पिकवीत. चिंबोरीचे बीळ बांधातून आरपार गेले की भरतीचे पाणी आत शिरे, बांधाला खांड पडे आणि उभे शेत खारावे. म्हणून बांधावर सतत नजर ठेवावी लागे. बीळ चिखलाने बुजवायचे आणि सापडली तर चिंबोरी घरी न्यायची, एवढा हा सरळ व्यवहार होता.

बांधाच्या पलीकडे मात्र तेच बीळ उपकारक ठरते. कांदळवनातील चिखलात हवा जवळजवळ नसते. खेकड्यांच्या बिळांतून भरतीचे पाणी आणि प्राणवायू खोलवर जातो, मुळांना तो लाभतो. काही लहान खेकडे गळलेली पाने बिळात ओढून नेतात व खातात. त्यांनी बारीक केलेला हा पाचोळा पुढे खाडीतील इतर जीवांच्या उपयोगी पडतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर एकच नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे दिसतात, ते नर. मादीला बोलावण्यासाठी आणि प्रतिस्पर्ध्याला धाक घालण्यासाठी ही नांगी हलविली जाते. खाण्याच्या कामी ती निरुपयोगी. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती बापडी दोन्ही हातांनी जेवते!

चिंबोरीचे जीवन याहून खडतर आहे. कवच वाढत नसल्याने तिला ते वेळोवेळी टाकावे लागते, आणि नवे टणक होईपर्यंत मऊ अंगाने लपून राहावे लागते, कारण स्वजातीयही तिला खातात. टोपलीची गोष्ट अगदीच निराधार नाही, असे यावर कोणी म्हणेल. परंतु हाच नर मीलनकाळी कात टाकणाऱ्या मादीला आपल्या पायांखाली धरून तिचे रक्षण करतो, हे व्यासपीठावरून सांगितले जात नाही. शिवाय टोपली खेकड्याने विणलेली नाही. पुढे मादी लक्षावधी अंडी पोटाखाली घेऊन समुद्राकडे जाते. त्यांतून निघालेली पिले काही काळ समुद्राच्या पाण्यावर तरंगतात, मग वाचलेली थोडी खाडीच्या चिखलाकडे परततात.

हा चिखलच आता आक्रसला आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खारजमिनीवर भराव पडू लागले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेल्या धारण तलावांत गाळ साचत गेला, तो वेळच्या वेळी काढला गेला नाही, आणि त्यावर कांदळ रुजली. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या नाशाला मनाई करणारा निर्णय दिला. त्यामुळे आता पावसाचे पाणी वस्तीत शिरले की कांदळवनामुळे गाळ काढता येत नाही, अशी तक्रार होते. आरोपी बदलला, आरोपाची पद्धत मात्र तिवऱ्याचीच राहिली.

२०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. रोहित पक्षी पाहण्यासाठी ऐरोलीला नावेत बसणाऱ्यांची गर्दी होते. दिवाळे, सारसोळे येथील कोळी याच पाण्यावर पोट भरत आले आहेत. औद्योगिक सांडपाणी, भराव आणि गाळ या तिन्हींचा हिशेब त्यांच्या जाळ्यात आधी उमटतो. त्या नावेखालच्या चिखलात चिंबोरी किती उरली, हे विचारायचे तर त्यांनाच विचारावे लागेल.