पातूर परिसरातील सहली व खाद्यपदार्थ

महाराष्ट्र राज्याच्या अकोला जिल्ह्यातील पातूर हे तालुक्याचे ठिकाण अकोल्याच्या दक्षिणेस सु. ३२ किमी. वर, अकोला–वाशीम रस्त्यावर वसले आहे. येथवर पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आहे. येथून पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा चढ लागतो. सपाटी व डोंगर यांच्या या सांध्यामुळे पातूरच्या आसपास एका दिवसाच्या सहलीस योग्य अशी अनेक स्थळे एकवटली आहेत.

उष्ण कटिबंधातील सागरी बेटांवर प्रवासी ऊन व पाणी यांसाठी जातात. वऱ्हाडात उन्हाचे कौतुक कोणालाच नाही. मे महिन्यात येथील तपमान पुष्कळदा ४५° से. च्या पलीकडे जाते आणि दुपारी रस्ते ओस पडतात. त्यामुळे येथील सहलींचा हंगाम पहिल्या पावसाबरोबर सुरू होतो व फाल्गुनात, घाटातील पळस फुलून गेल्यावर, संपतो. समुद्राचे आकर्षण इकडे नदीच्या पुराने व धरणाच्या जलाशयाने भरून काढले जाते.

पातूरचे जुने नाव ‘पातूर शेख बाबू’ असे होते. शेख अब्दुल अजीज ऊर्फ शेख बाबू यांचा दर्गा येथे असून त्यांच्या उरुसास सर्व धर्मांचे लोक येतात. गावाजवळच्या टेकडीवर रेणुकामातेचे मंदिर आहे. तेथून एका बाजूस शेतांचा पट्टा व दुसऱ्या बाजूस घाटाकडील रान दिसते. मात्र जाणकार प्रवाशाचे पाय प्रथम वळावेत ते लेण्यांकडे. गावालगतच्या एका बुटक्या टेकडीच्या बेसाल्ट खडकात ती खोदली आहेत. विहाराच्या धर्तीच्या या लेण्यांचे खोदकाम अपुरे राहिले आहे. अजिंठ्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची येथे निराशा होते. परंतु लेणे कसे खोदले जाते, हे समजून घेण्यास अर्धवट सोडलेले लेणेच अधिक उपयोगी पडते. पूर्ण झालेल्या लेण्यात कारागिराच्या हाताच्या खुणा घासून नाहीशा केलेल्या असतात, तर अपुऱ्या लेण्यात कोठवर काम आले व कोठे थांबले, हे भिंतीवरच वाचता येते. अशा भिंतींवर नावे कोरण्याचा सहलकऱ्यांचा प्रघात सर्वत्र आढळतो. खडक पुन्हा भरून येत नाही, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

पातूरपासून मेडशीकडे जाणारा घाट सागाच्या पानझडी रानातून चढतो. श्रावणात तो हिरवागार असतो, तर माघ-फाल्गुनात पाने गळून पळसाच्या केशरी फुलांचे ताटवे उघडे पडतात.

पातूरच्या वायव्येस असलेले बाळापूर हे या परिसरातील ‘बेट’ म्हणता येईल. मन व म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर येथील किल्ला उभा असून मोठ्या पुराच्या वेळी, एक बाजू सोडली, तर त्याला सर्वत्र पाण्याचा वेढा पडतो. औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने या किल्ल्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने ते १७५७ मध्ये पुरे केले. विटांचे उंच तट व बुरूज आणि एकामागे एक असे दरवाजे ही त्याची वैशिष्ट्ये होत. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे मंदिर आहे. तिच्यावरूनच गावास नाव पडले. नदीकाठी मिर्झा राजा जयसिंग याने उभारलेली छत्री आहे. पुरंदरचा तह (१६६५) घडवून आणणाऱ्या या सेनानीचा १६६७ मध्ये बऱ्हाणपूर येथे मृत्यू झाला. छत्री त्याच्या दख्खनमधील मुक्कामाची आठवण होय. सु. ७·६ मी. चौरस व १० मी. उंच अशा या वास्तूच्या पायाला एका जुन्या महापुराने धक्का दिला होता. पुढे तिची दुरुस्ती झाली. पूर पाहण्यासाठी लोक येथे गर्दी करतात. पण छत्रीचा पाया ज्याने हलविला, त्या पाण्याजवळ किती जावे याचा विचार ज्याने त्याने करावयाचा असतो.

पाण्याकाठी निवांत वेळ घालवू इच्छिणाऱ्यांनी काटेपूर्णा अभयारण्य गाठावे. महान येथील धरणामुळे काटेपूर्णा नदीवर जलाशय झाला असून अकोला शहरास पाणी येथूनच मिळते. जलाशयाभोवतीचे ७३·६९ चौ. किमी. वन १९८८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. चौशिंगा हा लाजाळू प्राणी येथे आहे. हिवाळ्यात स्थलांतर करणारे पाणपक्षी उतरतात. सहलीचे स्वयंपाक मात्र अभयारण्यात मांडता येत नाहीत, कारण वाळल्या पानांच्या या रानात एक ठिणगी पुरते.

खाद्यपदार्थ : वऱ्हाडातील सहलीचे खरे जेवण म्हणजे रोडगे. गव्हाच्या जाडसर पिठाच्या लहान पाऱ्या तेलाचा हात लावून एकावर एक रचतात, त्यांवर बाहेरची पारी गुंडाळून गोळा बंद करतात आणि गोवऱ्यांच्या जगऱ्यात भाजतात. राख झटकून रोडगा फोडला की आतले पापुद्रे सुटे होतात. त्यांवर तूप, सोबत वरण व वांग्याची झणझणीत भाजी. रोडगे देवाच्या नवसाचे असतात. हा नवसाचा रोडगा एकनाथांच्या भारुडातही आलेला आहे. नवस फेडावयाचा म्हणजे आप्तेष्टांना शेतात वा देवळाच्या आवारात बोलवावयाचे, त्यामुळे पूजा व सहल यांची येथे फारकत झालेली नाही. जगरा चांगला लागणे हे कौशल्याचे काम असून ते बहुधा पुरुषांकडे असते. घाईने आच वाढविली, तर रोडगा बाहेरून करपतो व आत कच्चा राहतो.

हिवाळ्यात हुरडा असतो. ज्वारीची कोवळी कणसे जगऱ्यात भाजून तळहातावर चोळतात व दाणे तिळाची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही यांबरोबर खातात. अलीकडे हुरडा विकत घ्यावा लागतो, ही जुन्या पिढीला नवलाची गोष्ट वाटते. १९९० नंतर विदर्भात सोयाबीनचा पेरा वाढत गेला आणि खरीप ज्वारी मागे पडली. दाण्याबरोबर जनावरांचा कडबा गेला. जनावरे घटली की शेणाच्या गोवऱ्याही दुर्मिळ होतात. म्हणजे एका पिकाच्या माघारीने हुरडा व रोडगा या दोहोंवर ताण पडतो, हे सहलीला आलेल्या शहरी पाहुण्याच्या सहसा लक्षात येत नाही.

ज्यांना चूल मांडावयाची नसते, त्यांच्यासाठी रस्त्यालगत खानावळी व ढाबे आहेत. तेथे पाटवडीची रस्साभाजी, वांग्याचे भरीत, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा व ज्वारीची भाकरी मागावी. वऱ्हाडी रश्शाचा तिखटपणा परक्या माणसास झेपेलच असे नाही. जोडीला कांदा व ताक असावे. सकाळच्या फराळाला आलूबोंडा व पोहे सर्वत्र मिळतात, तर बाळापूरहून पुढे शेगावकडे जाणाऱ्यांना तेथील प्रसिद्ध कचोरी गाठता येते. ती गरम असतानाच, तळलेल्या मिरचीबरोबर खावी.