झाडाखालची माती

सर थांबून बराच वेळ झाला होता. समोरच्या माळावर ऊनही पडलं होतं. सागाच्या रानात मात्र पाऊस चालूच होता, सावकाश आणि जड. पानाच्या टोकाशी पाणी जमायचं, लोंबायचं आणि मोठा थेंब सुटायचा. पुढचा थेंब पडायचा तो जवळपास त्याच जागी.

जुलैचा पहिला आठवडा होता. खांडसहून गणेश घाटानं भीमाशंकर चढायला निघालो होतो. कर्जत तालुक्यातल्या पायथ्याच्या रानात साग भरपूर. त्याच्या वर अंगावर येणारा कारवीचा उतार आणि माथ्यावर जांभूळ, अंजनी, हिरड्याचं बहुतांशी सदाहरित रान. देवदर्शनाचं निमित्त होतं, पण पिशवीत पांढऱ्या सनबोर्डाचे तुकडे होते. ते मातीत उभे रोवायचे आणि पावसात त्यांच्यावर चिखल किती उंच उडतो ते बघायचं. सगळी सामग्री एवढीच. मातीची धूप बघायला याहून फारसं काही लागत नाही, गुडघ्यावर बसायची तयारी मात्र लागते.

एक तुकडा सागाखाली लावला, एक बाहेर माळावर. पाऊस बुरबुरीचा होता. तासाभराने बघितलं तर माळावरच्या तुकड्याला तळाशी बारीक ठिपक्यांची एक पट्टी. सागाखालचा तुकडा गुडघ्याच्या उंचीपर्यंत तांबूस शिंतोड्यांनी भरलेला. झाडाखाली माती जास्त उडाली होती, उघड्यावर कमी. शाळेत ‘झाडे जमिनीची धूप थांबवतात’ हे वाक्य पाठ केलेल्या कुणालाही हे खटकावं.

कारण थेंबात आहे. दोन मिलिमीटरचा पावसाचा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास असतो. पाच मिलिमीटरचा थेंब नऊ मीटरच्या वेगाने आदळतो. व्यास अडीच पट झाला की वजन पंधरा पटींवर जातं. वेगाचा हिशेब धरला तर एका थेंबाचा दणका साधारण तीस पट होतो. बुरबुरीचा पाऊस मुळात निरुपद्रवी. पण सागाचं रुंद पान ते बारीक थेंब गोळा करतं आणि त्यांचा एक मोठा करून खाली सोडतं. आठ-दहा मीटरवरून पडलेल्या अशा थेंबाला आपला जवळपास पूर्ण वेग गाठायला तेवढी उंची पुरते. शिवाय पाऊस थांबल्यावरही हे काम चालू राहतं. मुसळधार सरीत थेंब मुळातच मोठे असतात, तेव्हा उघड्या माळावरही माती उडते आणि हा फरक कमी होतो. पण सह्याद्रीच्या पायथ्याला बुरबुरीचे तासही पुष्कळ असतात.

सागाखाली जमिनीशी डोळा लावला की आणखी एक गोष्ट दिसते. प्रत्येक खडा मातीच्या छोट्या खांबावर उभा असतो, अळंबीसारखा. खड्यानं आपल्याखालची माती वाचवली, भोवतालची उडून गेली. खांब पाच-सहा मिलिमीटर उंच असेल, तर तेवढ्या जागेतली तेवढी माती हलली. ती सगळी ओढ्यात गेली असं नव्हे, काही उताराखाली एखाद्या दगडाआड थांबली असेल. तरी हिशेब डोक्यात असावा: एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर ती दहा घनमीटर होते, म्हणजे बारा-तेरा टन. नुकसान तिथेच संपत नाही. थेंबांच्या माराने सुटलेले बारीक कण जमिनीची छिद्रं बुजवतात आणि वर एक गुळगुळीत पापुद्रा धरतो. मग पाणी मुरायचं सोडून वाहू लागतं. सागाच्या त्या पट्ट्यात उतारावर बोटभर रुंदीच्या चऱ्या पडलेल्या दिसत होत्या आणि त्यांतलं पाणी दुधाच्या चहाच्या रंगाचं होतं.

दोष सागाचा म्हणावा, तर तोही अर्धाच. सागाची पानं हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात झडतात आणि त्यांचा जाड थर जमिनीवर पडतो. तो जूनपर्यंत टिकला, तर वरून कितीही मोठा थेंब येऊ दे, तो वाळल्या पानावर फुटेल आणि मातीपर्यंत झिरपत पोचेल. थर टिकत नाही, हीच अडचण आहे. वाटेवर भारा उतरवून बसलेल्या एका मावशींना विचारलं, राबाला पातेरा कुठून आणता? त्या म्हणाल्या, “यंदा पातेरा मिळाला कुठं? वणव्यानं आधीच खाल्ला.” त्यांच्या रागाचा विषय माझ्याहून वेगळा होता. भाताची नाहीतर नाचणीची रोपं करायची तर त्या जागेवर शेण, कवळ, पातेरा म्हणजे वाळला पाचोळा, गवत पसरून उन्हाळ्यात भाजावं लागतं, तोच राब. त्यानं तणाचं बी मरतं, राख मिळते आणि रोप जोमाने येतं. शहरातून येऊन राबाला नावं ठेवणाऱ्यांनी डोंगरउतारावर एकदा भातशेती करून बघावी. राबाला लागणारा पातेरा रानाच्या मानाने थोडा असतो. वणवा मात्र एका रात्रीत अख्ख्या उताराचं पांघरूण काढून नेतो, आणि नेमका पावसाच्या दोन-तीन महिने आधी.

झाडाखालीच माती जास्त सुटण्याचं हे कोडं नवीन नाही. केरळातल्या नीलांबूरला १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली आणि पुढे निव्वळ सागाच्या रानांतली माती खालावते का, यावर भारतीय वनाधिकाऱ्यांत वाद झडला. त्यांच्यातल्याच लॉरी आणि ग्रिफिथ यांनी १९४२ साली त्यावर सविस्तर लिहिलं. १९८५ मध्ये वीर्सुम या डच संशोधकाचा जावा बेटावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने बाभूळवर्गीय झाडांच्या लागवडीत एकेक थर काढून बघितला: कुठे झाडांचा माथा, कुठे खालची झुडपं, कुठे पाचोळा. धूप सर्वांत वाढली ती पाचोळा काढल्यावर. उंच माथ्याने पावसाचा मार कमी केला नव्हता, उलट वाढवला होता. सनबोर्डाच्या तुकड्याने मला जे दाखवलं, ते त्याने वाफे आखून मोजलं होतं.

सागाच्या वर उतार इतका चढा होतो की हातही टेकावे लागतात. माती धुऊन जायची तर ती इथे जायला हवी. पण जात नाही, कारण तिथे कारवी आहे. दाट, पुरुषभर उंचीची, पेरं असलेल्या काठ्यांची. ठाकरांच्या घरांच्या कुडाच्या भिंती याच काठ्यांच्या. कारवीची पानं साधारण जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत थरांनी असतात. वरच्या पानावरून सुटलेला थेंब खालच्या पानावर पडतो, तिथून आणखी खाली. दीड फुटावरून सुटलेल्या थेंबाचा वेग जेमतेम सेकंदाला तीन मीटर, आणि वेग तिसऱ्या हिश्शावर आला की दणका नवव्या हिश्शावर येतो. इथे रोवलेला तुकडा संध्याकाळी जवळजवळ कोराच निघाला.

मला त्याहून आवडलं ते खालचं बांधकाम. पाण्याबरोबर घसरत आलेली पानं आणि काटक्या कारवीच्या खोडांना अडतात. एका खोडापासून दुसऱ्यापर्यंत वीतभर लांबीचा बांध तयार होतो आणि त्यामागे माती साचून सपाट पायरी होते. त्या पायरीवर तेरडा उगवतो, चवर उगवते, मग त्यांच्या आधाराने पुढचा बांध. ना आराखडा, ना मंजुरी. अख्खा उतार अशा पायऱ्यांचा आहे. सात-आठ वर्षांनी कारवी एकदम फुलते आणि मरते. तेव्हाही वाळलेल्या काठ्या लगेच कोसळत नाहीत, आणि बी पडल्यावर रोपांचा गालिचा उठतो. तोवर वणवा लागला नाही, तर उतार उघडा पडण्याची वेळ फारशी येत नाही.

माथ्यावर तर मातीच दिसत नाही. पाय टाकला की तो पानांत रुततो. वरचं पान कोरडं, त्याखालचं काळपट, त्याखाली बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी शिवलेला चुरा आणि मग बारीक मुळांचं जाळं. इतकी दाट सावली, इतकी उंच झाडं, थेंबही मोठे, पण त्यांना मारायला माती सापडत नाही. ओहोळाचं पाणी पावसाच्या ऐन भरात नितळ होतं. अपवाद एकच, वाट. हजारो यात्रेकरूंच्या पायांनी पाचोळा दूर सारला आहे आणि तेवढ्या पट्ट्यात जमीन खोल गेली आहे. कडेच्या झाडांची मुळं उघडी लोंबतात. झाडं तीच आणि पाऊसही तोच. फरक फक्त पायाखालच्या थराचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भीमाशंकरच्या याच डोंगररांगेत, आंबेगाव तालुक्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी तिथे डोंगर गावावर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. ती धूप नव्हे, भूस्खलन. त्यात उताराची घडण, मातीची खोली, आत साचणारं पाणी आणि जमिनीत केलेली खोदाई यांचा हिशेब वेगळा असतो. उथळ घसरणीला झाडांची मुळं आवर घालतात, खोल घसरणीपुढे त्यांचं फारसं चालत नाही. पाचोळ्याने माळीण वाचली असती, असं कुणी म्हणू नये.

पण दरवर्षी गुपचूप जाणाऱ्या मातीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. आपण झाडं मोजतो आणि त्यांच्याखालची जमीन मोजत नाही. राज्यात १ जुलै २०१६ ला २ कोटी रोपं लावायचं ठरलं, पुढे ४ कोटी, १३ कोटी, आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. वाद झाला तो रोपं किती लागली आणि किती जगली यावर. गवताने झाकलेल्या उतारावर ऐन पावसाच्या तोंडावर खड्डे खणले की पहिली दोन वर्षं माती वाचण्याऐवजी सुटते, याबद्दल कुणी भांडल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

या पावसाळ्यात वृक्षारोपणाला जाणार असाल, तर जरूर जा. रोपाच्या आळ्यापुरतं गवत काढा, बाकीचं राहू द्या. जागा नीटनेटकी दिसावी म्हणून पाचोळा गोळा करून पेटवू नका. आणि फोटो काढण्याआधी आयोजकांना एक प्रश्न विचारा: येत्या फेब्रुवारीत इथे वणवा अडवणारी जाळरेषा काढायला माणसं आणि पैसे कोण देणार आहे?